लिंबाजीचा हात

मराठवाडा विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला त्या चौऱ्याण्णवच्या जानेवारीत परभणीच्या कॉलनीतल्या बायका नळावर लवकर यायच्या आणि लवकर परतायच्या. एसट्या कधी सुटायच्या, कधी आगारातच उभ्या राहायच्या. नळावर सगळ्यांच्या तोंडी एकच बोल, "झालं एकदाचं, बरं झालं." मग घागरी आत जायच्या, दारं लागायची आणि भिंतीपलीकडून भलतंच काहीतरी ऐकू यायचं. दैवशाला दोन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन खिडकीशी उभी असायची. नवरा ड्युटीवरून घरी येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. लेकीचं कपाळ उगाच चाचपून बघायची, स्टोव्हची पिन कुठं पडली का, भिंतीतली वायर उघडी का, सगळीकडे तिचे डोळे फिरायचे. बी.एस्सी. झालेली बाई, पण भीतीला पदवी कुठं कळते? आणि नळावरचं ते सगळ्यांचं एकसुरी "बरं झालं" ऐकलं की तिला राहून राहून मानवतच्या शाळेतलं एक उपरणं आठवायचं.

ते पंच्याऐंशी साल. दैवशाला नववीत होती. शाळेच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली होती आणि तिच्यावर लिंबाचं झाड वाकलेलं. आत मोडकी बाकं, फुटके नकाशे, आणि निंबोळ्यांचा कडवट वास. परभणीला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन भरणार होतं आणि विज्ञानाच्या दिनकरराव सरांच्या डोक्यात यंत्रमानव शिरला होता. कुठल्याशा मासिकात त्यांनी जपानातल्या यंत्रमानवाचं चित्र पाहिलं होतं.

"जपानात होतो, तर मानवतात कामून न्हाई होणार?" सर वर्गात म्हणाले.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, जपानात लाईट जात नसल."

वर्ग खदखदला. सरही हसले आणि म्हणाले, "सूर्यभान, तू ये आधी. तुझ्यापासूनच सुरुवात."

असा सूर्यभान पहिला निवडला गेला. त्याचा बाप बैलबाजारातला दलाल, आणि जीभ बापाकडूनच आलेली. दुसरा राधाकिशन, त्याच्या वडिलांचं मोंढ्यात किराणा दुकान. त्याच्या मामाची एक जुनी जीप भंगारात उभी होती, म्हणून तो हवाच होता. तिसरा मुंजाजी. गावाबाहेरच्या वस्तीवरून चालत यायचा, फार बोलायचा नाही, पण तार वळवायला लागला की बघत राहावं. त्याची माय सरजाबाई हंगामात दैवशालाच्याच शेतात कापूस वेचायला यायची. आणि चौथी दैवशाला. पोरांत एकटीच पोरगी म्हणून आळीत कुजबुज झाली, तेव्हा तिची आई सगुणाबाई एवढंच म्हणाली होती, "यंत्र करायलेत, लगीन न्हाई."

आज लेकीच्या हातातली सेफ्टीपिनसुद्धा झडप घालून काढून घेणाऱ्या दैवशालाला नवल वाटतं. तेव्हा ती स्वतः कात्रीनं पत्रा कापायची. बोट कापलं तर लिंबाचा पाला चोळायचा आणि पुढचं काम. आईला तेव्हा कशी भीती वाटली नसेल? का वाटली, आणि ती बोलली नाही?

सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी काही सांगणार न्हाई. चौघांनी मिळून ठरवा. अडलं तर या." आणि ते चहाला निघून गेले.

चौघांनी मिळून ठरवायचं म्हणजे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. घरी बाप ठरवायचा, शाळेत सर ठरवायचे. त्यामुळे पहिलं भांडण यंत्राच्या नावावरूनच जुंपलं. राधाकिशनला 'विज्ञानवीर' हवं होतं. सूर्यभान म्हणाला, "हे नाव हाय का पंचायत समितीची योजना?" आवाज एवढा वाढला की शेजारच्या वर्गातून खडू फेकून मारल्याचं दैवशालाला आठवतं. शेवटी सूर्यभाननं गळ्यातलं उपरणं काढलं. बापाचं होतं, बाजारातून सरळ शाळेत आला होता तो.

"भांडायलाव कशाला? बाजारात एवढाले बैल इकत्यात, कुणाचा आवाज येतो का?"

बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालतात, एकमेकांची बोटं धरतात, सोडतात, दाबतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव कुणाला कळत नाही. आणि एकदा उपरण्याखाली ठरलं की ठरलं. ते मोडणाऱ्याच्या दावणीला पुन्हा कुणी येत नाही.

सूर्यभाननं तीच रीत लावून दिली. तो दलाल. एकेकानं उपरण्याखाली हात घालायचा. या बाजूचा असेल तर त्याचं एक बोट धरायचं, त्या बाजूचा असेल तर पंजा धरायचा. आपलं मत तो शेवटी मिळवायचा आणि निकाल सांगायचा. कुणी काय धरलं ते त्यानं कधीच फोडायचं नाही. दोन-दोन पडले तर पुन्हा हात, चारही हात आल्याशिवाय सौदा नाही, झालेला सौदा मोडायचा नाही आणि कारण विचारायचं नाही.

"बैल कामून घेतला असं बाजारात कुणी पुसतं का?" तो म्हणाला.

सगळ्यांना पटलं. पटलं म्हणजे काय, भांडण थांबलं. यंत्र लिंबाखाली होत होतं, म्हणून उपरण्याखाली नाव ठरलं लिंबाजी. मग उपरणं त्या खोलीतच खुंटीला राहिलं. डोकं डालड्याच्या डब्याचं करायचं का रॉकेलच्या, रंग निळा का चंदेरी, चाकं लावायची का नुसते पाय, सगळं त्याच्याखाली ठरायचं. दोन महिने कसे आनंदात गेले. संध्याकाळची उन्हं पत्र्यावरून उतरायची, पत्रा जोडताना डाग द्यायच्या धुराचा वास नाकात बसायचा, राधाकिशन दुकानातून गुळाचा खडा आणायचा आणि त्याचे चार तुकडे करण्यावरूनही सूर्यभान उपरणं काढायचा.

दैवशालानं हात करायला घेतला होता.

तो तिनं एकटीनंच मनात धरला होता, अगदी पहिल्या दिवसापासून. शेतात दुसरी वेचणी चालू होती. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. सगुणाबाई संध्याकाळी घरी आली की बोटांची पेरं तिला भाकरीही नीट थापू द्यायची नाहीत. चुलीपुढं बसून ती गोडं तेल कोमट करायची आणि बोटांना लावायची. दैवशाला बघायची. मग तिनं मोडक्या छत्रीच्या काड्या घेतल्या, सायकलच्या ब्रेकची तार घेतली, मुंजाजीकडून सांधे वळवून घेतले, आणि पाच बोटांचा एक हात उभा केला. तार ओढली की बोटं मिटायची, सोडली की उघडायची. तिनं शेतातून फुटलेल्या बोंडाची पऱ्हाटी आणून समोर ठेवली. हात कधी नुसती हवा धरायचा, कधी बोंडाला झोंबून तसाच राहायचा, आणि कधी, अगदी कधीतरी, पांढराशुभ्र कापूस बोंडातून अलगद ओढून बाहेर काढायचा. तेव्हा चौघंही ओरडायचे.

"आई, यंत्र कापूस येचणार हाय," तिनं घरी सांगितलं.

"येचू दे बाई," सगुणाबाई म्हणाली, "मी बांधावर बसून चहा पेते."

पण अडचण अशी की मोटर एकच होती. मामाच्या जीपची वायपरची मोटर. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ती झकास चालायची, इकडून तिकडे, तिकडून इकडे. ती हाताला लावली तर हात चालणार. डोक्याला लावली तर लिंबाजी मान हलवून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघणार. दुसरी मोटर मिळण्यासारखी नव्हती. हात का डोकं, एकच काहीतरी.

दैवशालाला धाकधूक नव्हतीच. आदल्याच दिवशी राधाकिशन म्हणाला होता, "हात लय भारी झालाय." सूर्यभान म्हणाला होता, "परभणीवाले बघतच बसत्यात बघ." मुंजाजी बोलला नव्हता, पण त्यानं मान हलवली होती.

उपरणं काढलं. डोक्याला बोट, हाताला पंजा. एकेक हात आत गेला. दैवशालानं सूर्यभानचा पंजा धरला, घट्ट. सूर्यभाननं उपरणं झटकलं आणि कुणाकडेच न बघता म्हणाला, "डोकं."

"किती?" दैवशालानं विचारलं.

"तीन अन् एक."

चार जणांत तीन आणि एक. तो एक कोण, हे सांगायला दलाल कशाला हवा? ती तिघांकडे बघत राहिली. राधाकिशन मोटरवरची धूळ पुसायला लागला. मुंजाजी बाहेर झाडाकडे बघत होता.

"काल तर भारी म्हणाला होतात."

"कारण इचारायचं न्हाई," सूर्यभान म्हणाला, "तूच कबूल केलतं."

ती दप्तर उचलून घरी आली. त्या रात्री आईनं तेलाची वाटी चुलीवर ठेवली तेव्हा दैवशाला दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. हरल्याचं तिला एवढं वाटलं नाही. तोंडावर भारी म्हणणाऱ्या तिघांनी अंधारात बोट धरलं, आणि का धरलं ते तिला कधीच कळणार नव्हतं. हात वाईट होता का? तिच्या हातून काही चुकलं होतं का? ती पोरगी म्हणून? डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. माणसाला कारण कळलं नाही की माणूस स्वतःच कारणं रचतो, आणि ती नेहमी खऱ्याहून वाईट असतात. हे तिला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं. आज नवऱ्याला अर्धा तास उशीर झाला की येतं.

दुसऱ्या दिवशी ती गेली, पण हात धडाच्या बाजूला सरकवून ठेवलेला होता आणि मोटर डालड्याच्या डब्याखाली बसवायचं चाललं होतं. मोटर आडवी बसवायची का उभी, यावर सूर्यभाननं उपरणं काढलं. राधाकिशनचा हात आला, मुंजाजीचा आला.

दैवशालानं दोन्ही हात पाठीमागे धरले.

"घाल की हात."

"न्हाई घालत."

"चार हात आल्याबिगर सौदा होत न्हाई."

"मग नका करू. आधी कारण सांगा."

सूर्यभान हसला, मग चिडला, मग समजावायला लागला. ती ढिम्म. राधाकिशननं गूळ पुढं करून बघितला. नियम त्यांचाच होता आणि तो मोडायला तिघांपैकी कुणी तयार नव्हतं. शपथ घेतल्यासारखं सगळ्यांनी त्याला धरलं होतं. साध्या तीन पोरांनी मोटर उचलून डब्याखाली बसवली असती तर कोण अडवणार होतं? पण बाजाराची रीत म्हणजे रीत. त्यामुळे त्या दिवशी काम थांबलं, दुसऱ्या दिवशीही थांबलं. लिंबाजी बिनडोक्याचा, बिनहाताचा, नुसतं निळ्या पत्र्याचं धड घेऊन उभा होता आणि चौघं चार कोपऱ्यांत बसून निंबोळ्या मोजत होते.

सर आले, त्यांनी बघितलं. "काय रे, माणूस करायलाव का सुतक पाळायलाव?"

सरांनी कुणाची बाजू विचारली नाही. जाताना दारातून एवढंच म्हणाले, "सोमवारी परभणीला न्यायला जीप येणार हाय. तिच्यात यंत्र तरी बसल, न्हाई तर उपरणं तरी."

सर गेले. मग मुंजाजी बोलला. इतका क्वचित बोलायचा की सगळ्यांनी दचकून वर बघितलं.

"मी बोट धरलतं."

"मुंजा, फोडायचं न्हाई!" सूर्यभान ओरडला.

"मपलं मीच फोडायलोय, तुला काय?" तो दैवशालाकडे न बघता म्हणाला, "हात चांगला हाय. सांधे मीच वळवलेत. पण तो कापूस येचायला लागला तर माझी माय काय येचल?"

दैवशाला बाजूला पडलेल्या हाताकडे बघायला लागली.

"तुझी माय सवताच्या शेतात येचती. बोटं दुखत्यात, खरं हाय. माझ्या मायचीबी दुखत्यात. पण तिला त्याचे पैसे मिळत्यात. त्याच्यावर घर चालतं." आणि मग हळू आवाजात, "तुमच्याच शेतात येती ती. तुला तोंडावर कसं म्हणू, तुझा हात नको म्हणून?"

सरजाबाई तिच्याच बांधावर बसून भाकर खायची. सगुणाबाई तिला चटणी द्यायची. दोघी एकाच वाटीतलं तेल बोटांना लावायच्या. आणि दैवशालाच्या डोक्यात मात्र एकाच बाईची बोटं होती.

उपरणं नसतं, तर मुंजाजी कधी नाही म्हणालाच नसता. आणि उपरण्याखालीच राहिलं असतं, तर त्याची नाही कशाची, ते कुणाला कळलं नसतं. दोन्ही खरं होतं.

मुंजाजी बोलल्यावर जणू बांध फुटला. राधाकिशन म्हणाला, "मी मामाला कबूल करून बसलो. मोटर देताना म्हणलं, लिंबाजी तुला मान हलवून रामराम करल. मामा येणार हाय परभणीला." आणि लाजून गुळाकडे बघायला लागला.

"अन् तू रे दलाल?" दैवशालानं सूर्यभानला विचारलं.

"मला भ्या वाटलं," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडून हा शब्द इतका विचित्र वाटला की राधाकिशन हसला. "हसतो काय? त्या हाताचा भरोसा न्हाई. आपल्याम्होरं धरतो, लोकांम्होरं हवा धरल. बाप म्हणतो, पाय धरलेलं, लंगडतं जनावर बाजारात आणू नये. सगळे हसले असते. दैवशालावर हसले असते."

"मग हे परवाच सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू रडली असतीस."

"आता काय हसायलेय का?"

मग चौघंही हसले. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं ओढणीनं पुसलं.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा ते उघड्यावर भांडले. उपरणं खुंटीवरच राहिलं. कुणी म्हणे असं, कुणी म्हणे तसं, आणि प्रत्येकाला 'का' सांगावं लागायचं. फार वेळ लागला. डोळ्यांत डोळे घालून नाही म्हणणं बोट धरण्यापेक्षा अवघड जातं. वाट मुंजाजीनंच काढली. "हात ठेवा," तो म्हणाला, "काम बदला. कपाशीवर औषध मारायचं काम कुणाला पायजे? गेल्या साली माझा बाप औषध मारता मारता सरीतच पडला. दोन दिवस शुद्ध नव्हती. त्या कामाला यंत्र आलं तर कुणाची माय रडल?"

कुणाची रडली असती?

राधाकिशन पळत जाऊन घरून ढेकणाच्या औषधाचा हातपंप घेऊन आला. मागचा दांडा ओढायचा आणि ढकलायचा की पुढून फवारा. वायपरच्या मोटरची चाल नेमकी तशीच, इकडून तिकडे. हातानं आता बोंड टिपायचं नव्हतं, दांडा घट्ट धरायचा होता. सूर्यभाननं तपासून बघितला, तीनतीनदा. "आता माल खरा हाय," म्हणाला. डोकं हलणार नव्हतं, पण राधाकिशननं मामासाठी डोळ्यांत टॉर्चचे दोन दिवे बसवायचे ठरवले.

"दैवशाला, तू सांग," मुंजाजी म्हणाला. "हात तुझा हाय."

तिनं छत्रीच्या त्या काड्यांकडे बघितलं. आईला तिनं सांगून ठेवलं होतं. आई बांधावर बसून चहा पिणार होती.

"फवारू दे," ती म्हणाली.

घरी मात्र ती बोललीच नाही. रोज ठरवायची, आज सांगू, आणि तेलाची वाटी दिसली की तोंड मिटायची. सोमवारी जीप निघून गेली तरी सांगायचं राहिलं.

प्रदर्शनाचा दिवस. परभणीच्या शाळेचा मोठा हॉल, ज्वालामुखी, पवनचक्क्या, साबणाच्या पाण्याचे धबधबे. लिंबाजी एका कोपऱ्यात, डोळे पेटलेले, हातात पंप, पुढं कपाशीचं एक झाड. औषधाऐवजी पाणी भरलेलं. राधाकिशनचा मामा सकाळीच येऊन गेला. डोकं का हलत नाही म्हणून त्यानं विचारलं, आणि राधाकिशननं त्याला सगळी कहाणी सांगितली. मामा म्हणाला, "म्हणजे मोटर माझी अन् निकाल तुमचा," आणि खूश होऊन गेला. परीक्षक दोन मिनिटं थांबले, काहीतरी टिपून पुढं सरकले.

दुपारी दारातून दोन बायका आत आल्या. सगुणाबाई आणि सरजाबाई. मानवतहून एसटीनं आल्या होत्या, धुळीनं माखलेल्या, घामानं भिजलेल्या.

सगुणाबाई यंत्रापुढं उभी राहिली. हाताकडे बघितलं, पंपाकडे बघितलं. मग लेकीकडे.

"हा येचत न्हाई?"

"न्हाई, आई."

"तू म्हणली व्हतीस."

मुंजाजी पुढं यायला निघाला, तिनं त्याला हातानं थांबवलं. हे तिनंच सांगायचं होतं. तिनं आईला सगळं सांगितलं, मुंजाजी काय म्हणाला तेही, सरजाबाईच्या देखत. आई रागावेल का, सरजाबाईला अपमान वाटेल का, दोन्हींची भीती एकाच वेळी.

सरजाबाईनं कंबरेवर हात ठेवले. "म्हणजे ह्यो मेला माझ्या पोटावर येणार व्हता?"

"येणार व्हता, काकू. न्हाई आला."

"कुणी न्हाई म्हणलं?"

"आमी," दैवशाला म्हणाली. "चौघांनी."

सगुणाबाईनं आपली बोटं एकदा पदरात गुंडाळली, एकदा सोडली. मग ती सरजाबाईकडे वळली. "म्हणजे यंदाबी तू अन् मीच की गं."

"मग कोण येणार? ह्याला काय चटणी पचती का?" सरजाबाई म्हणाली, आणि लिंबाजीच्या पुढं वाकून तोंड त्याच्यासमोर धरलं. "ए बाबा, पाणीच हाय ना त्यात? मार जरा तोंडावर. एसटीत जीव उकडून निघाला."

दैवशालानं सूर्यभानकडे बघितलं, सूर्यभाननं मुंजाजीकडे, राधाकिशन आधीच बॅटरीशी जाऊन बसला होता. दैवशालानं तार जोडली. मोटर घरघरली. छत्रीच्या काड्यांच्या पाच बोटांनी दांडा मागं ओढला, पुढं ढकलला, आणि सरजाबाईच्या तोंडावर बारीक फवारा उडाला. ती खिदळत मागं सरकली आणि सगुणाबाईचा हात धरून तिला पुढं ओढलं.

"ये, तू बी ये."

सगुणाबाईनं डोळे मिटले आणि दोन्ही हात, बोटं पसरून, फवाऱ्याखाली धरले.